अलिडाच्या पिशवीतले काळे ट्रे

स्टेक कसा भाजायचा हे मी एकाहत्तराव्या वर्षी शिकलो, आणि तेही चोरून.

चोरून, कारण माझी बायको गोदलीव खाटकाची मुलगी. तिचे वडील खाटीक, आजोबा खाटीक, आणि चर्चसमोरचं ते दुकान आता तिचा धाकटा भाऊ फिर्मिन चालवतो. अशा घरच्या जावयाने जवळच्या रूसेलार शहरातल्या सुपरमार्केटमधून मांस आणायचं म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

गोदलीव असताना स्वयंपाकघरात माझं काम बटाटे सोलण्यापुरतं होतं. स्टेक ती करायची, शनिवारी, बिडाच्या तव्यात, लोण्यावर. वरून तांबूस, आतून लाल. तिच्या माहेरी मांस तसंच खातात. जास्त भाजलं की त्यांना जनावराचा अपमान झाल्यासारखा वाटतो. मला आतला तो लाल भाग कधीच आवडला नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी म्हणालो होतो, "जरा जास्त भाजशील का?"

"भाजते की," ती म्हणाली. "पण आधी बाबांना फोन करून सांग, एक गाय फुकट मेली म्हणून."

आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर तिच्या हातचं मी लाल मांसच खात आलो. तक्रार नव्हती. समोर ती बसलेली असायची.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात ती गेली. दफन झाल्यावर पहिल्या शनिवारी फिर्मिन स्वतः घरी आला आणि दुकानाच्या कागदात गुंडाळलेला स्टेक माझ्या हातात ठेवला. दुकानातला सगळ्यात चांगला तुकडा. मी तो फ्रिजमधून काढला तसाच कोमट तव्यात टाकला. त्याला पाणी सुटलं, मी आच वाढवली, लोणी जळलं, घर धुराने भरलं. हाती आलं ते राखाडी, उकडल्यासारखं काहीतरी. ते मी बटाट्याच्या सालांखाली लपवून कचऱ्यात टाकलं. आपल्याच घरात, कुणी बघणारं नसताना लपवलं.

"कसा होता?" पुढच्या वेळी फिर्मिनने विचारलं. बोलायच्या आधी तो हलकंसं खोकतो. गोदलीवही तशीच खोकायची. नाकही दोघांचं एकच.

"लोण्यासारखा," मी म्हणालो.

दुसरा तुकडा असा नासवायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी गाडी काढून रूसेलारच्या रिंगरोडवर गेलो आणि सगळ्यात स्वस्त स्टेक आणले. काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये दोन-दोन, खाली लाल पाणी शोषून घेणारा कागद. मनाशी म्हटलं, यावर हात बसला की फिर्मिनचं मांस भाजायचं. हे वाया गेलं तर कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

बरेच दिवस वाया गेलंच. मग हळूहळू कळत गेलं. स्वस्त मांसात पाणी फार, म्हणून सकाळीच त्याला मीठ लावून उघडं फ्रिजमध्ये ठेवायचं. भाजण्याआधी फडक्याने कोरडं, अगदी कोरडं टिपायचं. तवा धुरावेपर्यंत तापू द्यायचा. तेल थोडंच. एकदा टाकलं की हलवायचं नाही असं लोक म्हणतात. मी सारखा उलटत राहतो, म्हणजे आतपर्यंत सारखं शिजतं आणि बाहेरून करपत नाही. लोणी आणि ठेचलेली लसणाची पाकळी शेवटी. मग ताटाखाली झाकून ठेवायचं आणि तोवर हात बांधून बसायचं, हे सगळ्यात अवघड. कापताना मांसाच्या रेषा बघायच्या आणि आडवं कापायचं. उभं कापलं तर दोरखंड चघळल्यासारखं होतं.

पहिल्यांदा नीट जमला तो मार्चमधला एक दिवस होता. आतून लाल नाही, फिकट गुलाबीही नाही, मला हवा तसा तपकिरी. मी सगळा खाल्ला. पावाने ताट पुसलं. आणि ताट धुताना लक्षात आलं की अख्ख्या जेवणात मला तिची आठवण आली नव्हती. नळ तसाच वाहत होता.

हात बसला होता. आता फिर्मिनकडे जायला हरकत नव्हती. पण मी जात राहिलो ते रिंगरोडवरच. खरं सांगायचं तर स्वस्त मांसासाठी जात नव्हतो. फिर्मिनच्या दुकानात मी शिरलो की रांगेतलं बोलणं बंद पडायचं. त्याची बायको रोझान मान तिरकी करून विचारायची, "कसं चाललंय, नॉर्बर्ट?" आणि सगळे माझं उत्तर ऐकायला थांबायचे. सुपरमार्केटमध्ये मी म्हणजे ढकलगाडी घेऊन फिरणारा एक माणूस. मला कुणी काही विचारत नव्हतं. तिथे मी विधुर नव्हतो.

पावावर घालायचं किरकोळ काही घ्यायला मात्र फिर्मिनकडे जायचो, आणि हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. "हल्ली स्टेक नेत नाहीस?"

"दात," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. "चावत नाही रे."

तो एवढंसं तोंड करून माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या शनिवारी माझ्यासाठी वेगळा खिमा तयार होता, फिलेचा, म्हणजे सगळ्यात मऊ मांसाचा, स्वतःच्या हाताने दळलेला, कच्चाच पावावर लावून खायचा तसला. "याला दात लागत नाहीत," तो म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत. मग दर शनिवारी तसंच. दातांच्या खोट्या दुखण्यावर मला गावातलं सगळ्यात चांगलं मांस फुकट मिळू लागलं.

आता राहिले ट्रे.

आमच्याकडे बाटल्या, डबे, प्लास्टिक असला कचरा निळ्या पिशव्यांत भरून दाराबाहेर ठेवावा लागतो. पिशव्या नगरपालिकेच्याच, विकतच्या आणि आरपार दिसणाऱ्या. आत भलतंच काही भरलेलं कचरावाल्यांना दिसावं म्हणून आरपार. पण बघतं सगळं गाव. कोण किती बिअर पितो, कोण डब्यातलं सूप खातो, सगळं फुटपाथवर मांडलेलं. आणि फिर्मिन रोज पहाटे सायकलवरून आमच्याच गल्लीतून दुकानात जातो.

शेजारी अलिडा राहते. वय ऐंशीला टेकलेलं, नवरा ओमेर कधीच गेला, घरात ती आणि एक मांजर. गोदलीवची ही जवळची मैत्रीण. एकट्या माणसाची पिशवी महिन्याभरातही भरत नाही, म्हणून उन्हाळ्यात मी तिला म्हणालो, "अलिडा, माझं थोडंसं तुझ्या पिशवीत टाकू का? दोन पिशव्या कशाला?"

"टाक की," ती म्हणाली. "अर्धी पिशवी बाहेर ठेवायची म्हणजे पैसे फेकणंच."

काटकसर म्हणून मागितलं, ती काटकसर म्हणून हो म्हणाली. पण ट्रे धुऊन, एकात एक घालून, तिच्या पिशवीत दुधाच्या डब्यांमागे सरकवताना मी काय करतोय हे मला कळत होतं. तिला नव्हतं. ती पिशवीला हिरव्या सुतळीची गाठ मारायची आणि आपल्या दारासमोर ठेवायची.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी दुकान भरलेलं होतं, रांग दारापर्यंत. मी मधे कुठेतरी. अलिडा पुढे, काउंटरपाशी.

"बोला अलिडाबाई," फिर्मिन म्हणाला. "हॅम?"

"हॅम. शंभर ग्रॅम. पातळ काप."

"बस? स्टेक नको?" तो खोकला. "अरे हो, विसरलोच. स्टेक तुम्ही दुसरीकडून आणता."

"मी?"

"मी नाही म्हणत, तुमची पिशवी म्हणते. बुधवारी सायकलवरून येताना दिसली. काळे ट्रे, एकात एक, काय सुरेख रचलेले! म्हटलं, अलिडाबाईंकडे पलटण उतरलीय की काय."

रांगेत हसू फुटलं. बेकरीवाली मागून म्हणाली, "मांजर खात असेल हो, मांजर!" आणखी हशा झाला.

फिर्मिन तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. तो वाईट माणूस नाही. पण लोक हसले की त्याला थांबता येत नाही, आणि त्याला खरंच लागलं होतं. "आणि मी इथे वेडा," तो म्हणाला, "म्हातारीला परवडत नसेल म्हणून दर वेळी हॅमचा एक काप वर टाकतो!"

"फिर्मिन, पुरे," गल्ल्यावरून रोझान म्हणाली.

अलिडाची मान लाल झाली, मग गाल. "कुठला काप?"

"जाऊ द्या हो, गंमत केली."

"नाही. कुठला काप?"

कुणी हसेना.

"मी शंभर ग्रॅम मागते," अलिडा म्हणाली. "तुझ्या बापापासून मागत आलेय. जास्तीचं काढ त्यातलं."

त्याने एक काप काढला. तिने एकेक नाणं सावकाश मोजून ठेवलं, पुडी घेतली आणि वळली. तेव्हा आमची नजरानजर झाली.

तिच्या पिशवीत दुसरं कुणी काही टाकत नाही. तिला सगळं समजलं होतं, ते मी तिच्या डोळ्यांत बघितलं. दोन शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ती बोलली नाही. मी काचेमागच्या सॉसेजकडे बघू लागलो, जणू त्यांची भाषा येते मला. ती गेली.

माझी पाळी आली. फिर्मिनने खिम्याची पुडी पुढे केली. "घे. तुझ्या दातांसाठी."

मी घेतली.

रविवारी प्रार्थनेनंतर अलिडाच्या घरी गेलो. ती लीकची पात चिरत होती. बस म्हणाली नाही.

"ते ट्रे माझे," मी म्हणालो.

"हे मला सांगायला आलास? घरात मी आणि मांजर. मांजराला गाडी चालवता येत नाही."

"मग बोलली का नाहीस तिथे?"

"मी का बोलू? तोंड तुला नाहीय?" तिने सुरी खाली ठेवली. "तू आत आलास तेव्हाच दिसला होतास. वाट बघितली मी तुझी. पुडी बांधून घेईपर्यंत, पैसे मोजेपर्यंत. मुद्दाम एकेक नाणं मोजलं."

मला वाटलं होतं, रागात तिचं मोजणं चुकतंय म्हणून वेळ लागतोय.

"मी फिर्मिनला सांगतो," मी म्हणालो. "एकट्याला गाठून."

"मला त्याने एकटीला गाठून म्हटलं होतं का?"

मी चिरलेल्या लीककडे बघितलं.

"आठवडाभर मी कुठे जाते, सांग," ती म्हणाली. "चर्च आणि ते दुकान. चर्चमध्ये देव बोलत नाही. दुकानात लोक बोलायचे माझ्याशी. आता मी दारात शिरले की काय म्हणतील? आली कापवाली?"

"अलिडा, गोदलीवच्या बाजूचा मला तेवढा एकच माणूस उरलाय. तो खोकला ना, तरी मला..." मी खिडकीतून माझ्या घराकडे बघितलं. "त्याने तोंड फिरवलं तर?"

"फिरवेल कदाचित."

"ती असती तर हे झालंच नसतं."

"आता हे तिच्यावर ढकलू नकोस," अलिडा म्हणाली. तिने पुन्हा सुरी उचलली. "ती असती तर तुझा कान धरून दुकानात घेऊन गेली असती. जा आता. आणि यापुढे तुझा कचरा तुझ्या पिशवीत."

सोमवारी दुकान बंद असतं. मी फिर्मिनला फोन करून दुपारी जेवायला बोलावलं.

"आज काय आहे?" त्याने विचारलं.

"काही नाही. ये."

तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून विंचरलेले, हातात चांगल्या बिअरच्या दोन बाटल्या. एवढा नटून तो लग्नाला जातो. दारातच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "रोझान म्हणते, पोटदुखीचं औषध खिशात ठेव. तुझ्या हातचं म्हणजे..." तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. पण तो इतका खूश दिसत होता की मी त्याचा कोट घेतला आणि खुंटीला लावला.

सकाळी मीठ लावून ठेवलेले स्टेक मी टिपले, तवा तापवला. तो टेबलापाशी बसला. गोदलीवच्या खुर्चीवर नाही, पलीकडच्या.

"हे काय, स्टेक?" तो म्हणाला. "आणि दात?"

"दात ठीक आहेत."

तो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. तव्यात मांस चरचरत होतं. कितीही टिपलं तरी स्वस्त मांसाच्या कडेने थोडं पाणी येतंच, फेसासारखं. खाटकाला आणखी काही बघावं लागत नाही.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"नाही."

तो परत जाऊन बसला. त्याचा मी आतून लाल ठेवला, माझा पूर्ण भाजला. झाकून ठेवले. ती वाट बघण्याची वेळ त्या दिवशी संपता संपेना. वाढलं. त्याने कापलं, आडवं, न बघता. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. माझ्या ताटाकडे बघितलं.

"आणि ते काय? चपलेचा तळवा?"

"मला असंच आवडतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

तो थोडा वेळ चावत राहिला. "मांस भिकार आहे," शेवटी म्हणाला. "भाजलंयस उत्तम. त्याचाच राग येतोय मला."

"फिर्मिन, ते ट्रे माझे होते. अलिडाचे नाहीत. तिच्या पिशवीत मी टाकायचो."

त्याचा काटा ताटावर टेकला. त्याने खोकल्यासारखं केलं. मग म्हणाला, "तू रांगेत होतास."

"होतो."

"सगळं ऐकलंस."

"ऐकलं."

"आणि खिमा घेऊन घरी गेलास." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं. "मी त्या बाईला सगळ्या गावासमोर भिकारीण केलं, नॉर्बर्ट. माझ्या बहिणीच्या शवपेटीमागे माझ्या हाताला धरून चाललेली बाई ती. आणि तू सॉसेज बघत होतास. दिसलं होतं मला. म्हटलं, बिचारा, याला गोदलीव आठवली असेल."

मी सुरी ताटाच्या कडेला ठेवली.

"सुपरमार्केटचं मला काही नाही," तो म्हणाला. मग लगेच, "आहे. का नाही? आहेच. पण ते पचवलं असतं. दातांचं सुद्धा पचवलं असतं, हलकटा, तुझ्या दातांसाठी मी पहाटे उठून यंत्र पुन्हा धुवायचो, आधीच्या डुकराच्या मांसाचा वास लागू नये म्हणून." त्याने पावाचा तुकडा मोडला. "ती गेल्यापासून तू मला एकदाही जेवायला बोलावलं नाहीस. मी म्हणायचो, नसेल होत त्याच्याने, त्या घरात, त्या टेबलावर. आज फोन आला तर मी रोझानला म्हटलं, बघ, आला माणसात. शर्टाला इस्त्री कर. आणि बोलावलंस ते हे सांगायला."

"हो," मी म्हणालो.

त्यांच्या घरात ताटात मांस टाकून कुणी उठत नाही, मग ते कसलंही असो. त्याने राहिलेलं सगळं खाल्लं. पावाने ताट पुसलं. बिअर उघडलीच नव्हती; बाटल्या तशाच टेबलावर ठेवून त्याने कोट घातला.

"मी दुकानात बोललो," दारात तो म्हणाला. "तूही दुकानात बोल. शनिवारी, रांग लागली की."

शुक्रवारी मी अलिडाचं दार वाजवलं आणि उंबऱ्यावरूनच सांगितलं. ती म्हणाली, "बघते."

ती आली. चर्चला घालते तो काळा कोट घालून, रांगेच्या अगदी शेवटी, दाराशी उभी राहिली. रांगेतल्या एकदोघांनी मागे बघून पुन्हा मान वळवली. मी तिच्या पुढे होतो. पाळी येईपर्यंत थांबलो असतो तर बोललोच नसतो, म्हणून रांगेतून बाहेर आलो. मी आयुष्यभर बस चालवली. भरल्या बसमध्ये मोठ्याने बोलायची सवय आहे. तरी आवाज बारीकच निघाला.

"गेल्या शनिवारी फिर्मिन जे अलिडाला म्हणाला," मी म्हणालो, "ते सगळं माझं होतं. ट्रे माझे. सुपरमार्केटमधून स्टेक मी आणतो, आणि ट्रे तिच्या पिशवीत मी टाकायचो, कुणाला दिसू नयेत म्हणून. तिला माहीत नव्हतं. मी इथेच उभा होतो आणि गप्प बसलो."

मला वाटलं होतं लोक माझ्याकडे बघतील. कुणीतरी हसेल, कुणीतरी "शरम नाही वाटली?" म्हणेल. त्यावरच्या उत्तराची तयारीही मी केली होती. पण बेकरीवाली पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. तिच्या मागचे दोघं जमिनीवरच्या फरशा बघत होते. एकाने कोटाचं बटण उघडून पुन्हा लावलं. ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर आपापली निळी पिशवी उभी होती, आणि त्या दिवशी अलिडाला हसताना यांतल्या कितीजणांना आपलेही काळे ट्रे आठवले असतील ते मला तेव्हा कळलं.

फिर्मिनलाही कळलं. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून काय बांधायचं ते ओळखणारा माणूस तो. त्याने रांगेवरून पुढून मागे एकदा नजर फिरवली, अगदी सावकाश, आणि हातातली सुरी लाकडावर आडवी ठेवली. अलिडावरचा डाग पुसायला आलो होतो मी. तो पुसला, आणि त्याच हाताने त्याला हे दाखवलं. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण केलं मीच.

तो काउंटरच्या मागून बाहेर आला. गिऱ्हाइकांच्या बाजूला तो कधी येत नाही. एप्रनला हात पुसत दारापर्यंत गेला.

"अलिडाबाई, चुकलं माझं. ट्रेचंही चुकलं, आणि कापाचं तर जास्तच."

"कापाचं जास्त," ती म्हणाली.

"हो."

"मग शंभर ग्रॅम दे. पातळ. आणि वजनकाटा माझ्याकडे फिरवून ठेव."

रांगेने तिला पुढे जाऊ दिलं. फिर्मिनने काटा तिच्याकडे फिरवला, काप एकेक करून टाकले. आकडा शंभराच्या थोडा वर गेला.

"वर गेलंय," अलिडा म्हणाली.

"तेवढ्याचे पैसे घेतो," फिर्मिन म्हणाला. "सोडत नाही."

"सोडू नकोसच."

तेव्हा कुठे लोक हसले, आणि दुकानात पुन्हा हवा खेळू लागली. पुडी घेऊन जाताना अलिडाने मला बघून मान हलवली. बसमध्ये चढताना लोक ड्रायव्हरला बघून हलवतात तेवढीच. मला तेवढी पुष्कळ होती.

"पुढचं कोण?" फिर्मिन म्हणाला.

पाळी माझी होती. त्याची नजर माझ्या डोक्यावरून बेकरीवालीकडे गेली. "काय देऊ?" तिने नेहमीपेक्षा जास्त घेतलं, स्टेकही घेतला, घाईघाईने. तिच्यानंतर पुन्हा, "पुढचं कोण?" आणि पुन्हा मी नाही. रोझानने गल्ल्यावरून माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

निघून जाता आलं असतं. जे करायचं ते करून झालं होतं. पण मी भिंतीशी, छत्र्यांच्या स्टँडजवळ सरकून उभा राहिलो. नवीन येणारे माझ्यापुढे जात राहिले, मी त्यांना जाऊ देत राहिलो. काहीजण विचारत, "तुमची पाळी ना?" मी म्हणे, "जा तुम्ही." पाय दुखायला लागले. घरी तवा, टेबल आणि न उघडलेल्या दोन बाटल्या होत्या, आणि तिथे जायचं म्हणजे यापुढे तिथेच राहायचं, असं मला वाटत होतं.

दुपारी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. बाहेर जाताना त्याने दार नीट लावलं नाही. रोझान गल्ला आवरून मागच्या खोलीत गेली. फिर्मिन काचेच्या कपाटातली ताटं एकेक करून शीतगृहात नेऊ लागला. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. तो माझ्याकडे बघत नव्हता. मग काउंटरवर पाणी ओतून तो फडक्याने पुसत राहिला, पुसलेलीच जागा पुन्हा पुसत.

"दार लाव," मान वर न करता तो म्हणाला. "गारठा येतोय आत."

आतून की बाहेरून, ते त्याने सांगितलं नाही. मी दाराची मूठ धरून क्षणभर थांबलो. तो पुसत होता. मी दार आतून लावून घेतलं.